शाळा सर्वांना खुली, बसायचे मात्र ओसरीवर

१८५६ चा जून महिना. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातील एक जिल्हा होता. तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा, असा एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. शाळा सरकारची, तिचा खर्च सरकारी तिजोरीतला. तरीही या एका अर्जावर मुंबई, कलकत्ता आणि लंडन अशा तीन ठिकाणी जवळपास दोन वर्षे लेखणी चालली.

आजचा धागा त्या अर्जाविषयी आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

शाळेच्या हक्काचा इतिहास सांगताना आपण बहुधा 'शिकू देणारे' आणि 'शिकू न देणारे' असे दोन पक्ष समोरासमोर उभे करतो. जुनी कागदपत्रे वाचू लागले की चित्र निराळे दिसते. 'या मुलांना शिकवूच नये' असे सरकारी कागदावर क्वचित आढळते. 'शिकवायला हवे, पण आत्ताच नको' हे मात्र पुन्हा पुन्हा आढळते. वडीलधाऱ्यांच्या राजकारणात दहावीस वर्षांचा विलंब खपून जातो. आठ वर्षांच्या मुलाला मात्र 'आत्ता नको' म्हटले की त्याची शाळा कायमचीच गेली.

मुंबई सरकारचा ठराव जुलै १८५६ मध्ये निघाला. त्यात कोठेही उद्धटपणा नाही, आणि म्हणूनच तो लक्षपूर्वक वाचावा असा आहे. सरकारने मान्य केले की न्याय तत्त्वतः अर्जदाराच्याच बाजूचा आहे. त्याच्या वाटेत आडवे येणारे पूर्वग्रह लवकर नाहीसे होतील, अशी आशाही प्रकट केली. मात्र एकदोघांसाठी युगानुयुगे चालत आलेल्या समजुतींना तडकाफडकी धक्का दिला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल, असे पुढे म्हटले. शेवटी पुस्ती जोडली की अर्जदाराची अडचण या सरकारने निर्माण केलेली नाही, त्यामुळे मध्ये पडून ती एकदम दूर करणेही त्याला शक्य नाही. त्या मुलाला ठरावात नाव नाही. तो 'महार अर्जदार' आहे, एवढेच.

या ठरावामागे एक हिशेब दडलेला आहे. एक महार मुलगा आत आला तर बाकीचे पालक आपापली मुले काढून घेतील, शाळा ओस पडेल. मग एकासाठी अख्खी शाळा गमवावी काय? वरवर पाहता हिशेब बिनतोड वाटतो. पण त्यात एका बाजूला शाळेतली सगळी मुले मोजली आहेत आणि दुसऱ्या बाजूला फक्त अर्ज करणारा मुलगा. ज्यांच्या घरात अर्ज करण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवला नव्हता, ती धारवाड जिल्ह्यातली मुले कोणत्याच रकान्यात नाहीत. अर्जदार 'एकच' होता, कारण बाकीच्यांना उत्तर काय येणार हे अर्ज न करताच ठाऊक होते.

हा विचार एका रात्रीत जन्मलेला नव्हता. पेशवाईनंतर या प्रदेशाची घडी बसवणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२० च्या दशकातच आपल्या शिक्षणविषयक टिपणात एक अनुभव नोंदवला होता. मिशनऱ्यांना सर्वांत हुशार विद्यार्थी खालच्या मानलेल्या जातींतच मिळतात, असा तो अनुभव. आणि लगेच सावधगिरीचा इशाराही दिला होता, की या जातींना आपण खास उत्तेजन दिले तर नवे शिक्षण त्यांच्यापुरतेच राहील आणि वरचे वर्ग त्याकडे पाठ फिरवतील. पुढे १८४० ते १८५५ या काळात इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशननेही वरच्या वर्गांना आधी शिकवावे, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हेच धोरण धरले. मुले हुशार आहेत हे ठाऊक असूनही धोरण असे ठरले, ही गोष्ट मला त्या साऱ्या कागदपत्रांतली सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. अज्ञानापोटी अन्याय झाला, असे म्हणायची सोयच ती ठेवत नाही.

धारवाडचा अर्ज पुण्यापासून दूर घडला खरा, पण काळ एकच आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करणारे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले १८५० च्या दशकाच्या आरंभी महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही शाळा चालवत होते. त्यांच्याच शाळेतली मांग समाजातील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. धारवाडच्या अर्जाच्या केवळ एक वर्ष आधी. म्हणजे ज्या मुलांना वर्गात बसवण्याची वेळ अजून आली नाही असे सरकार म्हणत होते, त्यांतली एक मुलगी छापील मराठीत आपल्या समाजाची कैफियत मांडून मोकळी झाली होती, तेही खाजगी प्रयत्नाने चाललेल्या शाळेतल्या शिक्षणाच्या बळावर.

आता पुन्हा अर्जाकडे. प्रकरण कलकत्त्याला हिंदुस्थान सरकारकडे गेले. तेथून १८५७ च्या जानेवारीत आलेले उत्तर मुत्सद्देगिरीचा नमुना आहे. मुंबई सरकारने केले ते बहुधा योग्यच असेल, पण बंगालमधल्या कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, असा त्याचा आशय. पाठ थोपटायची आणि कानही पिळायचा, दोन्ही एकाच पत्रात.

मग उठाव झाला. उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना धारवाडच्या एका मुलाची आठवण कोणाला राहील असे वाटत नाही, पण लंडनमध्ये फाईल पुढे सरकत होती. एप्रिल १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट निर्णय कळवला की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून हटता येणार नाही. त्या वर्षअखेरीस कंपनीचे राज्य संपलेले होते. तिच्या अखेरच्या काही महिन्यांतला हा निर्णय.

अर्जदार जिंकला, असे येथे लिहायचा मोह होतो. पण तारखा पाहा. अर्ज जून १८५६ चा, निर्णय एप्रिल १८५८ चा. मधली दोन शालेय वर्षे गेली. आणि तत्त्व जिंकले तरी त्याचा अंमल ज्यांनी मुळात नकार दिला त्यांच्याच हाती राहिला.

शिवाय १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात दोन आश्वासने शेजारी शेजारी होती. प्रजाजनांत धर्म वा वंशावरून भेद केला जाणार नाही, हे एक. प्रजेच्या धर्मात सरकार ढवळाढवळ करणार नाही, हे दुसरे. शाळेच्या दारात ही दोन आश्वासने एकमेकांवर आदळत. अस्पृश्य मुलाला आत घेणे ही समानता, आणि सवर्ण पालकांच्या मते तीच ढवळाढवळ. पुढची कित्येक दशके अधिकारी प्रसंग पाहून यांतले सोयीचे आश्वासन उचलत राहिले.

पळवाट आणखी एक होती, आणि ती पैशातून निघाली. पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या, हा नियम ठरला. पण इलाख्यातल्या बहुतेक प्राथमिक शाळा तशा नव्हत्याच. १८६० च्या दशकात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला, त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे वळवला गेला, आणि पुढे कारभार लोकल बोर्डे व नगरपालिकांकडे आला. मग प्रश्न उभा राहिला की शाळा कोणाची? कर भरणाऱ्यांची, असे गावचे पुढारी म्हणत. महार वतनदाराची गावकी, त्याचे राबणे, त्याची सरकारकामे यांना या हिशेबात किंमत नव्हती. गावाच्या पैशाची शाळा म्हणजे गावाच्या रूढीची शाळा, हा युक्तिवाद १८५८ च्या निर्णयाला वळसा घालून पुढे गेला.

१८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी या आयोगापुढे निवेदन सादर केले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक असते. माझ्या मते त्या निवेदनाचे खरे बळ तपशिलांत आहे.

जोतीराव मुलांच्या नुसत्या संख्येवर थांबत नाहीत. शिक्षक कोण असावा, त्याला पगार किती, तो कोणत्या घरातून आलेला असावा, हे ते विचारतात. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, शेतकरी वर्गातून आलेले शिक्षक असावेत, म्हणजे ते पालकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांचे म्हणणे. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे. आज आपण ज्याला 'शिक्षणाची गुणवत्ता' म्हणतो, तिची ही मांडणी आहे, फक्त एका माळी समाजातल्या कंत्राटदाराने, स्वतः शाळा चालवलेल्या माणसाने केलेली. रयत कर भरते आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मूळ आक्षेप होता.

महार-मांगांविषयी ते लिहितात ते फार थोड्या शब्दांत. जातीच्या पूर्वग्रहामुळे ही मुले व्यवहारात सगळ्या शाळांबाहेर आहेत, कारण त्यांना इतर मुलांजवळ बसू दिले जात नाही. सरकारने त्यांच्यासाठी निराळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या गावांतच. पुण्यात या समाजाची वस्ती पाच हजारांवर आणि शाळा एक, तीत तीसहून कमी मुले. म्हणून जेथे वस्ती मोठी आहे तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात, अशी त्यांची सूचना.

येथे आजचा वाचक अडखळतो. जोतीरावांनी वेगळ्या शाळा मागितल्या? होय. १८८२ मध्ये 'एकत्र की वेगळ्या' असा पर्यायच बहुतेक गावांत नव्हता. पर्याय 'वेगळी शाळा की शाळाच नाही' असा होता. आयोगाने काय केले तेही पाहा. जातीच्या कारणावरून सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये, हे तत्त्व त्याने पुन्हा एकदा उचलून धरले, आणि ते जपून अमलात आणावे अशी सूचनाही जोडली. धारवाडच्या ठरावाला सव्वीस वर्षे झाली होती, आणि शब्द तेवढे बदलले होते. त्या सुमारास मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांचे प्रमाण एक टक्काही नव्हते.

तत्त्व आणि अंमल यांच्या मधोमध एक जागा असते. कोकणात तिला ओसरी म्हणतात.

महारांची लष्करभरती कंपनीच्या काळापासून होत होती. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे. गावात जे मिळत नव्हते ते छावणीत मिळाले, आणि निवृत्तीनंतर ही साक्षर मंडळी दापोलीसारख्या ठिकाणी स्थायिक झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८ चे. म्हणजे अर्ज कसा लिहावा, कोणाकडे करावा आणि नाकारला तर वर कसा न्यावा, हे जाणणारा एक वर्ग तयार झाला होता. १८९० च्या दशकाच्या आरंभी दापोलीच्या निवृत्त सैनिकांनी आपली मुले गावच्या शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज केले आणि पाठपुरावा केला. प्रवेश मिळाला, पण मुले बसली ओसरीवर.

ओसरीवरच्या मुलाचे नाव हजेरीपटावर असते. सरकारी अहवालात तो दाखल विद्यार्थी म्हणून मोजला जातो. पण फळा दिसत नाही, मास्तर पाटी हातात घेत नाही, पावसाळ्यात कोकणातली ओसरी म्हणजे काय हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. 'प्रवेश नाकारला' असे कोणाला म्हणता येत नाही आणि 'प्रवेश दिला' हेही खोटेच. संचालकांचा १८५८ चा निर्णय आणि गावची रूढी यांची तडजोड या अर्ध्या भिंतीच्या जागेत झाली होती.

अशाच निवृत्त सैनिकांपैकी एक सुभेदार रामजी. निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहून ते साताऱ्याला गेले. त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढले. भिवा रामजी आंबेडकर. तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

बाबासाहेबांनी त्या शाळेच्या आठवणी पुढे लिहिल्या आहेत. वर्गात मुले गुणांच्या क्रमाने बसत. हा मुलगा मात्र कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर. संध्याकाळी ते गोणपाट पुन्हा घरी न्यायचे, कारण झाडलोट करणारा माणूस त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाची तोटी शिपायाने सोडायची, आणि तो नसेल त्या दिवशी पाणी नाही. यातल्या क्रमाने बसण्याच्या तपशिलाकडे आपले दुर्लक्ष होते. गुणांनी जागा ठरणाऱ्या वर्गात ज्याची जागा जातीने आधीच ठरली आहे, त्याला पहिला नंबर मिळाला तरी तो बसणार कोठे?

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गोणपाट उरले नाही, पण फळ्याकडे गणित सोडवायला बोलावताच मुलांनी फळ्यामागचे आपले डबे घाईघाईने उचलले, हा प्रसंग चरित्रांतून प्रसिद्ध आहे. तितकाच महत्त्वाचा तपशील संस्कृतचा. ते शिकायची इच्छा असून शिकता आले नाही, फारसी घ्यावी लागली. शाळेत शिरल्यावरही कोणता विषय शिकायचा, याला एक दार होतेच.

याच सुमारास सक्तीच्या शिक्षणाचा विचार संस्थानांतून पुढे सरकला. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. ते पाहून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. विधेयक अगदी सौम्य होते. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवावे, आधी मुलांना लागू करावी, मुलींचे नंतर पाहावे. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पैसा नाही, लोक तयार नाहीत, वेळ आलेली नाही. तेच ते.

'मुलींचे नंतर' यावरून पुढे पुण्यात रान उठले. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा पैशाअभावी आधी मुलग्यांपुरतीच सक्ती करावी असा मतप्रवाह पुण्यात जोरात होता. १९२० मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी त्याविरुद्ध मिरवणूक काढली, विठ्ठल रामजी शिंदे या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले. त्या वादाला एक स्वतंत्र धागा लागेल. येथे एवढेच, की तिजोरी अपुरी पडली की 'सर्व' या शब्दातून आधी कोण गळते, हे त्यात स्पष्ट दिसले.

कोल्हापुरात मात्र निराळी भाषा ऐकू येते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. सात ते चौदा वयाचे मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. आणि १९१९ मध्ये, येत्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद कराव्यात, त्या मुलांना इतरांप्रमाणेच सरकारी शाळांत घ्यावे, शाळेत शिवाशिव पाळली जाणार नाही, सर्व जातिधर्मांची मुले एकत्र बसवावीत, असा आदेश दिला.

हंटर आयोगाचे 'जपून' आणि शाहूंचे 'येत्या दसऱ्यापासून' हे शब्द शेजारी ठेवून वाचावेत. तारीख घातली की टाळाटाळीला जागा उरत नाही. रुग्णालयांविषयीच्या आदेशात तर ज्यांना हे मान्य नसेल त्या नोकरांनी राजीनामा द्यावा, असेच बजावले होते. रूढी दुखावेल, शाळा ओस पडतील, हा १८५६ चा हिशेब शाहूंनी उलटा केला. रूढीची किंमत मुलाने भरायची की नोकराने, असा प्रश्न त्यांनी टाकला आणि उत्तरही देऊन टाकले.

मग जोतीरावांनी मागितलेल्या वेगळ्या शाळा शाहूंनी का बंद केल्या? विरोधाभास वाटतो, पण मधे सदतीस वर्षे गेली होती. शाळाच नव्हती तेव्हा वेगळी शाळा हा आसरा होता. ती स्थिरावली की तोच बहाणा झाला. तुमची शाळा आहे ना, मग येथे कशाला, असे म्हणायची सोय झाली. तरीही शाहूंचा मार्ग सर्वांना मोकळा नव्हता, हे मान्य करावे लागते. छत्रपतींचा हुकूम करवीर संस्थानाच्या हद्दीपुरता होता, आणि हुकूम काढणारा १९२२ मध्ये गेला.

ब्रिटिश मुलखात वाट कायदेमंडळातून गेली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून ओळखला जातो; त्यात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख आहे, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. साताऱ्यात ज्या मुलाला नळाला हात लावता येत नव्हता त्याच्या दृष्टीने पाणी आणि शाळा हे दोन विषय नव्हतेच. १९२८ मध्ये सायमन आयोगासाठी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील दलितांच्या शिक्षणाचे निवेदन तयार करताना बाबासाहेबांनी जुने अहवाल काढले, एल्फिन्स्टनचे टिपण काढले, आणि धारवाडच्या त्या मुलाचे प्रकरण पुन्हा मांडले. त्या अर्जाला तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. आज आपण त्या मुलाविषयी बोलू शकतो ते मुख्यतः या निवेदनामुळे.

संविधान सभेतला एक तपशील मात्र पचायला अवघड आहे. मसुद्याच्या कलमात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुचवले की हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, तेथे हक्काची भाषा बसत नाही, ती गाळावी. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली. राहिले ते राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करण्याचे वचन. पण त्याच दिवशी शिक्षणाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द घालण्याची दुसरी सूचना त्यांनी ठामपणे नाकारली. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात व खाणीत राबवायला संविधान मनाई करते, तर त्या वयापर्यंत मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. एका हाताने सोडले, दुसऱ्या हाताने धरून ठेवले. शासकीय व अनुदानित संस्थांत धर्म, वंश, जात वा भाषेवरून प्रवेश नाकारू नये, हे मात्र कलम २९(२) मध्ये मूलभूत हक्क म्हणून आले. धारवाडच्या अर्जाला भारतीय राज्यसंस्थेने दिलेले उत्तर ते हेच.

दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली. हक्काचा शब्द परत यायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती लागली, आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. आता सहा ते चौदा वयाचे मूल प्रवेशासाठी 'अर्जदार' राहिले नाही. प्रवेशासाठी मुलाखत वा चाळणी परीक्षा नाही, देणगी नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी, आणि खाजगी विनाअनुदानित शाळांतही पहिलीच्या प्रवेशात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट. तत्त्व कायम होते, मूल शाळेत जाणारच होते; फक्त या शाळेत नाही, त्या शाळेत. हंटर आयोगाच्या वेळची वेगळ्या शाळांची चर्चा वाचलेल्याला ही भाषा अनोळखी वाटणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

याच कायद्याखाली केंद्राने २०१० मध्ये केलेल्या नियमांत एक छोटी तरतूद आहे. २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे बसवू नये. त्यांचे वर्ग निराळ्या जागी वा निराळ्या वेळी भरवू नयेत. पुस्तके, गणवेश, ग्रंथालय, खेळ यांतही त्यांच्याशी भेदभाव करू नये.